दोनशे बारा तास

कॉम्प्युटर सुरू झाला आणि कोणी काही विचारलेलं नसताना पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून एक पट्टी वर सरकली. तपासणी पूर्ण. नवीन गेम शून्य. चार-पाच सेकंद ती तिथंच थांबली, कोणी ‘बरं’ म्हणतंय का याची वाट पाहिल्यासारखी, आणि आली तशी खाली गेली. बाबांना जाऊन तेवीस दिवस झाले होते. त्यांचा हा चाकर मात्र डोळे उघडल्याबरोबर सगळे फोल्डर हुंगून हजेरी द्यायला आला होता. ते पाहून तिला काहीतरी झालं. त्याला दुःख म्हणता आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. गेले तेवीस दिवस ती दुःखाची वाट पाहत होती. पण मोरीच्या जाळीत बोट घालावं आणि खाली काहीतरी बुळबुळीत लागावं, तसं होतं ते. किळस होती. ती खुर्चीच्या कडेवर, जेवढं टेकता येईल तेवढंच टेकली.

खरं तर ती फक्त फोटोंसाठी बसली होती. “ताई, पाचला तो जुने कॉम्प्युटर घेणारा येतोय,” धाकट्यानं सकाळीच सांगितलं होतं. “नेला की तो आधी सगळं पुसतो. आईचे फोटो वगैरे काय हवं ते काढून घे. त्या टेबलाला मी हात लावलेला नाही हं. ते तुझ्या वाट्याला.” स्वयंपाकघर, कपाट, न्हाणीघर सगळं त्यानं बायकोच्या मदतीनं धुऊनपुसून काढलं होतं, हे टेबल तेवढं चावऱ्या कुत्र्याला वळसा घालून जावं तसं सोडलं होतं. कीबोर्डच्या खाचांत बिस्किटांचा चुरा, कोंडा, पांढरे आखूड केस. जास्त वापरातल्या चार बटणांवरची अक्षरं झिजून गेलेली आणि त्यांच्या जागी बोटांच्या तेलाची चकाकी. हेडफोनच्या गादीवरचं काळं कातडं सोलपटून टेबलभर पडलेलं. माऊसच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना मळाची बारीक वळी बसलेली. ती तिथं काही वेळ नुसतीच उभी राहिली होती. मग स्वयंपाकघरातून एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी आणून ती तिनं उजव्या हातात चढवली आणि तसाच माऊस धरला. रस्त्यावर कुत्रा फिरवणारे लोक असंच करतात, हे लगेच तिच्या डोक्यात आलं, आणि स्वतःचीही जरा शिसारी आली. पण पिशवी तिनं काढली नाही.

फोटोंचा फोल्डर शोधेपर्यंत ती पट्टी दाखवणारं सॉफ्टवेअर आपणहून पडदाभर पसरलं. गेमची चित्रं, रांगांमागून रांगा. वर कोपऱ्यात आकडा, चारशे अठरा. हे काय आहे ते तिला माहीत होतं, कारण बाबांनी फोनवर सांगितलं होतं आणि तिनं ‘हं’ म्हटलं होतं. गेम दहा ठिकाणांहून येतात, काही विकत, काही फुकट, काही जुन्या सीडीवरचे. कुठला कुठं ठेवलाय ते लक्षात राहत नाही. हे सॉफ्टवेअर सगळ्यांना एका छपराखाली आणतं, नावावरून चित्र शोधून लावतं, आणि कुठला गेम किती तास खेळलो, शेवटचा कधी उघडला, याची नोंद स्वतःच ठेवतं. बाबा बत्तीस वर्षं एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, बेअरिंग, पट्टे, प्रत्येकाला खाना आणि खान्याला चिठ्ठी. “आलेल्या मालाला आधी घर द्यायचं, मग चहा प्यायचा,” हे त्यांचं एकच तत्त्वज्ञान. घरातही दिव्यांच्या जुन्या बटणांपासून आईच्या गोळ्यांपर्यंत सगळं डब्यांत, आणि डब्यांवर त्यांचं बारीक, उभं अक्षर. निवृत्त झाल्यावर धाकट्यानं हा कॉम्प्युटर आणून दिला आणि त्या माणसाला पुन्हा एकदा स्टोअर मिळालं. “आमच्या स्टोअरपेक्षा हे बरं,” ते म्हणाले होते. “इथं फोरमन येऊन माल उचलून नेत नाही.” ती हसली नव्हती. त्यांनी मग खाने सांगितले होते: खेळायचेत, चालू, पूर्ण, सोडून दिलेले, ठेवून दिलेले. शेवटच्या दोहोंत फरक काय, असं तिनं न विचारताच तोही सांगितला होता. “सोडलेला म्हणजे नकोसा झालेला. ठेवलेला म्हणजे आपल्याच्यानं पुढं जाईना, म्हणून बाजूला ठेवलेला. दोन्हीवर धूळच बसते, पण खाना वेगळा.” तिनं तेव्हाही ‘हं’च म्हटलं असणार. सहा वर्षांत ती त्यांच्याशी दुसरं काय बोलली होती? जेवलात? जेवलो. गोळी घेतली? घेतली. ठेवते मग.

सहा वर्षांपूर्वी, आईच्या शेवटच्या दिवसांत, ती बिनपगारी रजा काढून या घरात राहिली होती. आईचं दुखणं चौदा महिने चाललं आणि त्यातले शेवटचे अडीच तिच्या वाट्याला आले. आईची खोली आतली, बाबांचं टेबल या बाहेरच्या खोलीत, मध्ये एक दार. आत भांडं द्यायचं, चादर बदलायची, पाठीवरच्या जखमा पुसायच्या, त्या जखमांचा गोडसर वास नाकात घेऊन जेवायला बसायचं. आणि बाहेर टिक, टिक, टिकटिक. पाल भिंतीवर चुकचुकावी तसा तो माऊसचा आवाज. बाबा काही करायचे नाहीत असं नाही. गोळ्या वेळेवर काढून ठेवायचे, डॉक्टरांकडे धावायचे, रिपोर्टांच्या फायली तारखेनं लावायचे. पण खोलीत आले की उंबऱ्याच्या आत दोन पावलं उभे राहायचे, हातात एखादी चिठ्ठी लावायची राहिली असावी तसे, आणि परत बाहेर. टिकटिक. एकदा तिनं चादर बाहेर नेताना मुद्दाम त्यांच्या खुर्चीला घासून नेली होती. त्यांनी मान वळवली नाही. तेव्हा पहिल्यांदा तिला त्यांची किळस आली: त्यांच्या मानेवरच्या घामाची, चघळायच्या सवयीची, कानांवरच्या त्या काळ्या गाद्यांची. बापाची किळस येऊ शकते हे तिला पुस्तकांतून माहीत होतं. पुस्तकात ते बरं वाटतं.

आणि मग ते बोट. दुपारी पावणेचार वाजता आई गेली. आवाज नाही, काही नाही. श्वास एका ठिकाणी थांबला आणि पुढचा आला नाही. तिनं वाट पाहिली, हात धरला, सोडला, दार उघडून बाहेर आली. बाबा पाठमोरे होते, एक कान उघडा ठेवून हेडफोन लावलेला. “बाबा, आई गेली,” ती म्हणाली. त्यांनी वळून पाहिलं नाही. डाव्या हाताचं एक बोट वर केलं. एक मिनिट. उजव्या हातानं दोन-तीनदा टिकटिक केलं, काहीतरी बंद केलं, मग उठले. ते किती वेळ होतं? दहा सेकंद, पंधरा. त्या पंधरा सेकंदांवर तिनं सहा वर्षं काढली. कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही, कारण सांगितलं की माणसं म्हणतात, अगं, धक्क्यात होते ते. तिला ते ऐकायचं नव्हतं. ते बोट धक्क्यातलं नव्हतं. कारखान्यात समोर माणूस उभा असताना आधी नोंद पुरी करणाऱ्याचं होतं. तेवीस दिवसांपूर्वी त्यांना शेवटचं पाहताना पांढऱ्या चादरीबाहेर तोच हात आला होता, आणि तिनं त्या बोटाकडं पाहायचं टाळलं होतं.

आता समोर चारशे अठरा गेम होते आणि प्रत्येकाच्या पोटात तारीख होती. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा कानशिलं एकदम गरम झाली. कळू शकेल. त्या दुपारी कशासाठी मला थांबवलंत ते कळू शकेल. ट्रक चालवायचा खेळ होता, की शहर वसवायचा, की त्या रंगीत गोळ्या फोडायचा? कळून काय होणार, हा प्रश्न शहाणा होता आणि तिनं तो बाजूला सारला. ती प्रूफं वाचायची. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर तिचं घर चाललं होतं, आणि चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे हे कळेपर्यंत तिला स्वस्थता नसे. तिच्या धंद्याचा नियम एकच: आधी मूळ प्रत नीट वाचायची, मग पेन उचलायचं. नव्या मुलींना ती तो पढवायची. पण आज तिनं यादी तारखेनं लावून घेतली नाही, उजवीकडचे रकाने सरकवून पाहिले नाहीत. खाने उघडत गेली. पूर्ण, एकशे दोन. सोडून दिलेले, साठ. ठेवून दिलेले, नऊ.

नवांत पाचवं चित्र पाहून तिनं तोंडावर हात नेला. पिशवीचा हात, तो ओठांना लागल्यावर झटकला. चित्रात मांसाचा एक गोळा होता. सोललेला, ओला, मध्यभागी एक पिवळट डोळा, आणि कडेनं शिरांसारखे तंतू एका अंधाऱ्या खोलीच्या भिंतींना चिकटलेले. भीतीचे गेम करणाऱ्या लोकांना काय सुख मिळतं देव जाणे. खाली नाव, ‘व्ह्यूअर’. त्याखाली, दोनशे बारा तास नऊ मिनिटं. बाकीच्या आठांपैकी एकही वीस तासांच्या वर नव्हता. म्हणजे हा. पलीकडे आईच्या अंगाला भोकं पडत होती आणि हे इथं बसून हा ओला गोळा चघळत होते. दोनशे बारा तास. ते दिवसांत किती होतात याचा हिशोब डोक्यात आपोआप सुरू झाला, नऊ दिवसांच्या जवळ आला, आणि तिनं तो तोडून टाकला. बघू तरी काय गोड होतं यात, असं ती मोठ्यानं म्हणाली आणि त्या डोळ्यावरच दोनदा टिचकी मारली.

गोळा आला नाही. काळी चौकट उघडली. वर डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या बारीक अक्षरांत आधी आडनाव आणि मग नाव, तिच्या आईचं. वय एकसष्ट. खाली तपासणी केंद्राचा क्रमांक. आणि मध्ये करड्या रंगाचा एक लंबगोल, आत आणखी करडे आकार. ती आई आहे हे कळायला तिला जितका वेळ लागायला हवा होता त्यापेक्षा जास्त लागला. मग बाकीचं सगळं एकदम कळलं, एखाद्या ओळीतली चूक अख्खं पान दाखवून देते तसं. स्कॅनच्या सीडीबरोबर स्कॅन पाहायचा एक छोटा प्रोग्रॅमही येतो. बाबांनी ती सीडी जपून डी ड्राइव्हवर उतरवली, कारण जागा तिथंच होती, आणि गेमही तिथंच होते. दुसऱ्या सकाळी चाकर उठला, हुंगत हुंगत त्या फोल्डरपर्यंत गेला, नवा प्रोग्रॅम दिसला, गेम समजून उचलला, खान्यात ठेवला, ‘व्ह्यूअर’ याच नावाच्या कुठल्याशा गेमचं चित्र शोधून डकवलं. नवीन गेम एक. त्यानं आपलं काम चोख केलं होतं.

पण बाबांनी? डब्यावर चिठ्ठी तिरपी लागली तर उखडून पुन्हा लावणारा हा माणूस. त्याला हे चित्र बदलता आलं नाही? आईवर हे चित्र डकवलेलं तो सहा-सात वर्षं पाहत राहिला? तिनं माऊसचं चाक फिरवून पाहिलं, पिशवीखाली ते फिरेना, घसरत राहिलं. तिनं पिशवी काढली. चाकाच्या मळात बोट बसलं, चिकट आणि जरा ऊबदार, म्हणजे ऊबदार नसणारच, पण वाटलं. ती फिरवू लागली. एकेका टिचकीला आईचा एकेक काप. मानेतून, खांद्यांतून खाली. फुप्फुसांच्या दोन काळ्या पोकळ्या उघडल्या, मोठ्या झाल्या, मिटत गेल्या. उजवीकडं ते पांढरं आलं. दाण्याएवढं, लिंबाएवढं, पुन्हा दाण्याएवढं, नाहीसं. उलट फिरवलं की पुन्हा आलं. टिक. टिक. टिकटिक. आपण कुठला आवाज करतोय हे कळल्यावर तिचं बोट थांबलं. हाच होता का तो? की नव्हता? हातांना आईच्या जखमांचा वास आल्यासारखं झालं आणि तिनं ती काळी चौकट घाईनं बंद केली.

“अरे, इकडे ये,” तिनं आतल्या खोलीत हाक मारली. धाकटा बाबांचे शर्ट पिशव्यांत भरत होता. एक शर्ट खांद्यावर तसाच टाकून तो आला.

“झाले का फोटो?”

“हे काय आहे?” तिनं पडद्याकडं बोट केलं.

त्यानं वाकून पाहिलं, आणि हसला. “हा होय! हा अजून आहे? आईचा राक्षस.”

“हसतोस काय गाढवासारखा? तुला माहीत होतं?”

“अगं, मीच तर बाबांना म्हटलं, बदलून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. बाबा नुसते कासावीस झाले होते. चुकीचा माल आला, चुकीचा माल आला, एवढंच. तेवढ्यात आई पाणी प्यायला बाहेर आली. तेव्हा हिंडतफिरत होती ना. म्हणाली, बघू. बाबा पडद्यापुढं हात धरताहेत, आणि ही बाजूनं डोकावतेय.” तो पुन्हा हसला, या वेळी जरा कमी. “बघितलं आणि म्हणाली, राहू द्या हो. बरोबर लावलंय त्यानं. आत असाच बसलाय मेला, एक डोळा उघडा ठेवून. मग दोघं हसत सुटली. मी आपला मध्ये येड्यासारखा उभा.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तू कुठं होतीस तेव्हा? आणि तुला काय सांगायचं, ताई? तुझ्यासमोर या घरात हसायची चोरी होती. तू आलीस की आम्ही सगळे शाळेत बसल्यासारखे बसायचो.”

आईचं ते हसणं तिनं डोळ्यांपुढं आणून पाहिलं, आलं नाही. तिच्याकडं जी आई होती ती पाठीवरची, चादरीतली, भांड्यावरची होती. ती तिनं पुसून, धुऊन, कष्टानं मिळवली होती आणि त्या बळावर सहा वर्षं बापाला उन्हात उभं केलं होतं. एक दुसरी आई, मेल्या राक्षसाला शिव्या देणारी, तिला न विचारता इथं या मळक्या टेबलाशी उभी राहून गेली होती. आता आलेली किळस कुणाची, ते तिला नीट लावता येईना.

“दोनशे बारा तास आहेत,” ती म्हणाली. “एवढा वेळ काय बघत होते?”

“बघत होते कशावरून? ही चौकट उघडी टाकून पुढं ट्रक हाकत बसले असतील. प्रोग्रॅम उघडा असला की हे घड्याळ चालूच राहतं, कोणी बघो न बघो. बाबाच ते. गॅस पेटता ठेवून फिरायला जायचे.” त्यानं खांद्यावरच्या शर्टाची बाही सरळ केली. “पण कधीकधी बघायचेही. मी दोनदा पाहिलं. वर-खाली, वर-खाली. विचारलं तर म्हणाले, मोजतोय.”

“काय?”

“कुणास ठाऊक. मोजतोय म्हणाले. स्टोअरकीपर मोजणारच.”

“ती गेली त्या दिवशी…” तिचा आवाज तिला परका वाटला. “त्या दिवशी मी बाहेर आले, त्यांना सांगितलं, तर त्यांनी बोट वर केलं. थांब म्हणून. काहीतरी बंद करत होते. ते हे होतं का?”

धाकट्यानं तिच्याकडं पाहिलं. सहा वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलत होती हे त्याला कळलं असावं, कारण त्यानं विनोद केला नाही. “मला कसं माहीत असणार? मी वाटेत होतो. पण शेवटचं कधी उघडलं ते येतं की इथं. तीच तारीख असेल, तर हेच. त्यानंतर उघडलं नाही म्हणजे. सरकव ना उजवीकडं.”

तिचा हात माऊसवरच होता. रकाने डावीकडं सरकले. खेळलेला वेळ. खाना. शेवटचा उघडला.

आज.

एवढंच होतं. तारीखसुद्धा नव्हती, कारण आजच्या दिवसाला यंत्र तारीख लावत नाही. शेजारी वेळही बदललेली: दोनशे बारा तास तेवीस मिनिटं.

“तू उघडलंस?” धाकट्यानं हळूच विचारलं.

तिनं होकारार्थी मान हलवली.

“मग गेली ती. मागची ठेवत नाही हे. नव्यावर जुनी पुसतं.” तो पडद्यापासून मागं सरला. “आधी बघायचं होतंस, ताई.”

आधी मूळ प्रत नीट वाचायची. ती त्या शब्दाकडं पाहत राहिली. तासाभरापूर्वीपर्यंत तिथं एक तारीख होती. कदाचित त्या दुपारची. कदाचित चार वर्षांनंतरच्या एखाद्या रिकाम्या मंगळवारची. कदाचित गेल्या महिन्यातली. यातली एक खरी होती, आणि ती वाचू शकणारं जगात एकच माणूस होतं, आणि त्या माणसानं तोंडात शिवी घोळवत तिच्यावर टिचकी मारली होती. आता ते बोट तसंच वर राहणार. एक मिनिट. ते खाली कधी येणार नाही. तिच्या बोटाच्या पेरावर माऊसच्या चाकाचा काळपट मळ लागला होता, त्यात बाबांचं किती आणि नुसती धूळ किती हे सांगता येण्यासारखं नव्हतं. त्या तेवीस मिनिटांतली नऊ त्यांची आणि चौदा तिची, पण यंत्रानं ती एकत्र कालवून टाकली होती. हात धुवायला हवा होता.

दाराची घंटा वाजली. एकदा, आणि मग धंदेवाल्या माणसाची दुसरी, लगेच.

“आला तो,” धाकटा म्हणाला. शर्ट अजून त्याच्या खांद्यावरच होता. “फोटो घेतलेस ना? काय सांगू त्याला?”

तिनं खुर्ची पुढं ओढली आणि बाबांनी पाडलेल्या त्या खळग्यात नीट, मागं टेकून बसली. पिवळा डोळा तिच्याकडं पाहत होता. तिनं त्याच्यावर दोनदा टिचकी मारली, काळी चौकट उघडली, आडनाव आधी आणि मग नाव.

“सांग,” ती म्हणाली, “अजून चालू आहे म्हणावं.”